बिनकाट्यांची बाभूळ

ठाण्यातल्या नौपाड्याहून तिसऱ्यांदा कल्याणला निघाले तो रविवार होता. लोकलचा मेगाब्लॉक, म्हणून बस. शिळफाट्यावर ती पाऊण तास उभी राहिली. पुढे रिक्षावाल्याने अर्ध्यावरच उतरवलं. "रस्ता खोदलाय, ताई. चालत जा."

यमुनाबाई पूर्वी आमच्या दारावर भाजी आणत. आता कल्याणबाहेर मलंगगडाच्या रस्त्यावरच्या गावात तीन शेळ्या पाळतात. तिन्ही शेळ्यांचे केस गळत होते आणि त्यातली एक गाभण होती. ठाण्याच्या पशुवैद्यांकडे केसपेपर मीच काढला होता. खरजेची दोन औषधं झाली होती, तिसरं पिशवीत होतं.

गाभण शेळी बसूनच होती. पाठ उघडी पडलेली, गळा सुजलेला, पुढ्यात पाल्याचा भारा.

"औषध लावता ना?"

"लावतंय ना. शेलीला केस नाय आले, माजं हात मातर गुलगुलीत झालं."

त्यांनी तांदळाची भाकरी आणि सुकट (वाळवलेली कोळंबी) वाढली. जेवताना विचारलं, "पाला कसला हा?"

"बाभलीचा (बाभळीचा). तुमीच लिवला ना कागदावर?"

"काटे काढून घालता?"

"बाभलीला कुठं काटं? काटं असतं तं मी कशाला तोरीन?"

घरामागचं झाड पाहिलं. एकही काटा नाही, चपट्या तपकिरी शेंगांचे घोस. ती सुबाभूळ होती. इथे तिलाही बाभलच म्हणतात. केसपेपरवर मी 'ल'चा 'ळ' केला होता. झाड पाहिलं नव्हतं.

डॉक्टरांना फोन लावून सुबाभळीचं सांगितलं. ते वैतागले. "दोनदा विचारलं काय खाते, दोनदा बाभूळ म्हणालात. सुबाभळीच्या पाल्यातलं द्रव्य गळ्यातल्या ग्रंथीचं काम मंदावतं. शरीराचा सगळा कारभार मग ढिला पडतो. भूक जाते, केस जातात. पोटातल्या करडालाही ते बाधतं. आजपासून बंद."

"करडू वाचंल का?" यमुनाबाईंनी फोनकडे तोंड करून विचारलं.

"व्यायला किती दिवस आहेत?"

"महिना."

"मग आशा आहे. पेंढा घाला, गवत घाला."

"भात लावतंय कोन आता? नि गवताच्या माळावर टावर झाला."

 

परतीच्या बसमधून बघत होते. पत्रे ठोकलेल्या प्लॉटांत, गटाराच्या कडेला, जिथे म्हणून हिरवं होतं तिथे सुबाभूळच होती. शेळीला काय घालू नये हे कळायला तीन फेऱ्या लागल्या. काय घालावं, ते कल्याणपासून ठाण्यापर्यंत कुठे दिसलं नाही.