छत्रीवाल्याचे चौऱ्याण्णव मार्क

छत्रीवाला म्हटलं की नवख्या माणसाला दुकानातल्या काळ्या छत्र्या आठवायच्या, आणि छत्रीवाल्याचं डोकं फिरायचं. त्याची छत्री म्हणजे डिश. दोन-सव्वादोन मीटर रुंद, पांढरी, गच्चीवर पाय रोवून आभाळाकडे तोंड केलेली. बँका, खाणी, डोंगरातली आरोग्य केंद्रं, जिथे तार पोचत नाही आणि मोबाइलचा टॉवर उभा करायला कुणी राजी होत नाही, तिथे तो पाना आणि मीटर घेऊन जायचा आणि डिश नेमकी उपग्रहासमोर आणून बसवायचा. एकतीस वर्षं त्यानं दुसरं काही केलं नाही, आणि खरं सांगायचं तर दुसरं काही त्याला येतही नव्हतं.

उपग्रह कंपनीचे. एकूण सहा, सगळ्यांचं नाव एकच, पुढे फक्त आकडा. छत्रीवाला मात्र त्यांना घरातल्यासारखं थोरला, दुसरा, तिसरा असं म्हणायचा. ते छत्तीस हजार किलोमीटरवर, पृथ्वी जितक्या वेळात स्वतःभोवती फिरते तितक्याच वेळात तिच्याभोवती फिरतात. म्हणून खालच्या डिशला ते एका जागी खिळल्यासारखे. माणसाच्या डोळ्यांना अर्थातच काही दिसत नाही. थोरल्याचं इंधन संपत आलं आणि त्याला आणखी वर, निकामी उपग्रहांच्या कक्षेत ढकलून दिलं, त्या दिवशी छत्रीवाला जेवला नव्हता. चौथा तर वर पोचलाच नाही, रॉकेटसकट समुद्रात गेला. "ज्याचं तोंड कधी बघितलं नाही त्याच्यासाठी हा माणूस उपाशी राहतो, आणि माझे गुडघे सुजलेत ते ह्याला दिसत नाहीत," असं त्याची बायको म्हणायची. तिचं म्हणणं खोटं नव्हतं.

त्याला नाद होता तो आकड्याचा. डिश उपग्रहावर आली की मीटरवर शंभरपैकी आकडा दिसतो. साठला काम चालतं. बाकीचे कारागीर ऐंशी दिसले की पाना पिशवीत टाकायचे. हा मात्र नटाला नखाएवढा पीळ द्यायचा, श्वास रोखायचा, परत अर्ध्या नखाएवढा द्यायचा. नव्वदच्या खाली तो कधी शिडी उतरला नाही. प्रत्येक आकड्याचा तो फोटो काढून ठेवायचा आणि कुणी विचारलं नाही तरी दाखवायचा. कंपनीतले त्याला हसायचे, आणि अवघड जागा आली की त्यालाच पाठवायचे.

मग तिसरा म्हातारा झाला. उपग्रह एका जागी आपोआप राहत नाही, त्याला मधूनमधून इंधन जाळून जागेवर आणावं लागतं. तिसऱ्याकडे थोडंच उरलं होतं. ते पुरवून वापरायचं म्हणून कंपनीनं त्याला उत्तर-दक्षिण आवरून धरायचं सोडून दिलं. त्यामुळे तिसरा रोज झोके घ्यायला लागला. थोडा वर, थोडा खाली, दिवसाला एक झोका. लहान डिशला त्याचं सोयरसुतक नसतं. मोठ्या डिशची नजर मात्र अरुंद, चुकायला तिला तेवढंही पुरतं. कंपनीनं सगळ्या कारागिरांना सूचना पाठवली. दोन मीटरवरची डिश तक्त्यात दिलेल्या वेळीच लावायची. म्हणजे झोका बरोबर मध्यावर असताना. मध्यावर लावली तर दोन्ही टोकांना आकडा उतरेल, पण काम थांबणार नाही.

सूचना छत्रीवाल्यानं वाचली होती. वाचली नव्हती असं तो पुढे एकदाही म्हणाला नाही.

वादळात वाकलेली डिश पुन्हा लावायला तो डोंगरातल्या आरोग्य केंद्रावर गेला, तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. तक्त्यात वेळ होती संध्याकाळी पाचची. पण हे गाव त्याच्या दादाचं होतं. दादा तिथल्या दगडखाणीवर मुकादम, वर्षातून एकदा भेट व्हायची तीही अशीच, कामाच्या निमित्तानं. दादानं अर्धा दिवस रजा टाकली होती आणि खाली शिडी धरून उभा होता. सहा तास गच्चीवर बसून काय करायचं? छत्रीवाल्यानं पाना लावला. त्या दिवशी आकडा असा काही चढला की त्याचा त्यालाच विश्वास बसेना.

"किती मार्क पडले?" दादानं खालून विचारलं.

"चौऱ्याण्णव."

"शाळेत कधी पडले नाहीत तेवढे. उतर आता, जेवायला चल."

छत्रीवाल्यानं फोटो काढला, नट आवळले आणि तो उतरला. दोघं भाऊ दुपारभर पोटभर जेवले आणि पोटभर बोलले. पाच वाजता तो परतीच्या गाडीत झोपला होता.

अकरा वाजता तिसरा झोक्याच्या वरच्या टोकाला होता. डिश त्या टोकावर जखडली गेली. म्हणजे बारा तासांनी, तो खालच्या टोकाला गेला की, डिशला समोर काहीच दिसत नव्हतं. पण हे व्हायचं अकराच्या आसपास, रात्री, जेव्हा केंद्राला कुलूप असायचं. सकाळी सगळं ठीक. त्यामुळे तीन-एक आठवडे कुणाला पत्ताच लागला नाही.

पुढे एक दिवस कंपनीतून फोन आला. केंद्रातल्या सिस्टरनं दोनदा लिहून कळवलंय, संध्याकाळी संपर्क तुटतो. आमच्याकडून सकाळी दहाला तपासलं, ठणठणीत आहे. तुम्हाला काय वाटतं?

"माझी छत्री चौऱ्याण्णववर आहे, फोटो पाठवू का?" छत्रीवाला म्हणाला. "लवकर घरी जायचं म्हणून डिशला जोडलेला आतला सेट बंद करत असतील."

असं बोलताना त्याच्या मनात काही पाप नव्हतं. होती ती नुसती ऐट. कंपनीनं ते वाक्य जसंच्या तसं आरोग्य खात्याला धाडलेल्या पत्रात घातलं.

डिश लावून दोन महिने झाले होते तेव्हा दादाला संध्याकाळी पावणेसातला खाणीवर छातीत कळ आली. लोकांनी त्याला केंद्रात आणलं. सिस्टरनं ईसीजी, म्हणजे हृदयाचा आलेख काढला. तो शहरातल्या डॉक्टरला दिसायचा, डॉक्टरनं हो म्हणायचं, मगच रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यायचं, असा नियम आणि तो चुकीचाही नाही. सेटवरचा संपर्काचा दिवा लाल होता. मोठं रुग्णालय गाडीनं तीन तास. गाडी निघाली आणि दुसऱ्या घाटात परत फिरली, कारण आठ वाजून वीस मिनिटांनी दादा गेला होता. साडेआठच्या पुढे केव्हातरी दिवा हिरवा झाला.

छत्रीवाल्यानं भावाला अग्नी दिला आणि सिस्टरला मनसोक्त शिव्या दिल्या. वहिनीनं तक्रार केली. ती लिहून त्यानंच दिली होती. सिस्टरला घरी बसवलं, केंद्राला कुलूप लावलं, आणि महिन्याभरानं चौकशी लागली. सिस्टरची नोकरी जाणार होती, शिवाय माणूस मारल्याचा डाग आयुष्यभर. छत्रीवाल्याला साक्षीला बोलावलं होतं. डिश ठीक होती, एवढंच त्याला सांगायचं होतं. फोटो खिशात होता.

सकाळी नऊला केंद्रातल्याच तपासणीच्या खोलीत सगळे बसले. चौकशीचे साहेब टेबलामागे, सिस्टर वजनकाट्याशेजारी उभी, वहिनी भिंतीकडेच्या बाकावर. त्याच बाकावर दादाला झोपवलं होतं. वहिनीनं सिस्टरकडे एकदाही पाहिलं नाही.

साहेबांनी एक वही पुढे ओढली. सिस्टरनं संपर्क तुटल्याच्या वेळा तीत लिहून ठेवल्या होत्या, छत्तीस दिवसांच्या छत्तीस ओळी.

"बाई, बिघाड असा शिस्तीत येत नाही," साहेब म्हणाले. "सात छप्पन्न, सात बावन्न, सात अठ्ठेचाळीस. रोज चार मिनिटं कमी, मधूनच कुठे पाच. हे घरी बसून एका दमात लिहिलंय. निदान वेळा तरी जरा वेड्यावाकड्या टाकायच्या."

"मला जे दिसलं ते लिहिलं," सिस्टर म्हणाली. "असं का होतं ते मला नाही माहीत."

साहेबांनी वही छत्रीवाल्याकडे सरकवली. त्यानं पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली, आणि तिसरीवर त्याचं बोट थांबलं.

आकाशाचा दिवस आपल्या दिवसापेक्षा चार मिनिटांनी लहान असतो. आज आठला उगवलेला तारा उद्या चार मिनिटं आधी उगवतो. झोके घेणारा उपग्रहही तसाच, रोज चार मिनिटं आधी टोकाला पोचतो, आणि झोका हळूहळू वाढत जातो म्हणून मधूनच पाच. हे सिस्टरला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्या खोलीत ते एकट्या छत्रीवाल्याला ठाऊक होतं. त्यानं शेवटच्या ओळीपर्यंत बोट नेलं. साडेपाच. दादाचा दिवस. तिथून मागे मागे हिशेब केला तेव्हा तो नेमका एका सकाळच्या अकरावर येऊन थांबला.

गप्प बसावं असं त्याला वाटलं. तसं वाटलं नाही असं म्हणण्यात काही अर्थ नाही. चांगलं मिनिटभर वाटलं. वही मिटायची, फोटो टेबलावर ठेवायचा, की वहिनीला हवा तो दोषी माणूस मिळाला असता आणि त्याला भावाच्या घरी पुन्हा यायला तोंड उरलं असतं. त्यानं सिस्टरकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघतही नव्हती. त्याच्याकडून तिला काडीचीही आशा नव्हती.

"साहेब, ह्या नोंदी खऱ्या आहेत," तो म्हणाला. "अशा वेळा कुणाला बनवता येणार नाहीत. डिश मी लावली, चुकीच्या वेळी लावली. सेट बंद करतात हे कंपनीला मीच सांगितलं होतं. न बघता सांगितलं."

"पण तुमच्या फोटोत तर चौऱ्याण्णव आहेत."

"तेव्हा होते. बारा तासांनी शून्य."

मग त्यानं सगळं सांगितलं. तक्ता, पाचची वेळ, अकराची वेळ. साहेब लिहीत राहिले. सिस्टर खुर्ची ओढून बसली. आभार वगैरे तिनं मानले नाहीत.

"ते शुद्धीवर होते सगळा वेळ," ती म्हणाली. "मला म्हणत होते, घाबरू नका सिस्टर, माझ्या भावानं लावलीय, लागेल आत्ता. दर पाच मिनिटांनी विचारत होते, दिवा हिरवा झाला का."

वहिनी उठली आणि बाहेर गेली.

दहा वाजत आले होते. छत्रीवाल्यानं तक्ता उघडला. आजची वेळ पावणेअकरा. त्यानं स्वतःच शिडी लावली. धरायला कुणी नव्हतं, तिचा एक पाय जमिनीवर नीट टेकत नव्हता, त्यानं खाली दगड सरकवला. वर जाऊन तो पावणेअकरापर्यंत नुसता बसला. मग नट सैल केले, डिश जराशी खाली आणली. फार नाही, करंगळीच्या नखाएवढी. त्यानं तो फरक दोनदा बोटांनी मोजून पाहिला. एवढ्यापायी दादा गेला होता.

मीटरवर त्र्याण्णव आले. त्यानं फोटो काढला नाही. आता तिसरा टोकाला जाईपर्यंत, पावणेपाचपर्यंत, नुसतं बघायचं होतं. साठच्या खाली आकडा गेला नाही म्हणजे झालं. आकडा उतरायला लागला. नव्वद. सत्त्याऐंशी. एकतीस वर्षांच्या सवयीनं हात पान्याकडे जायला लागला, तेव्हा त्यानं पान्याची पिशवी दोरीनं खाली सोडून दिली.

दीडच्या सुमारास शिडी वाजली. आधी गच्चीवर डबा आला आणि मागोमाग वहिनी. धापा टाकत ती टाकीच्या सावलीला बसली. डबा तिनं त्याच्याकडे सरकवला, पण उघडला नाही.

"मी तुम्हाला जेवायला खाली बोलावणार नव्हते," ती म्हणाली.

छत्रीवाला मीटरकडे बघत राहिला. तिच्याकडे बघायची त्याची हिंमत नव्हती.

"त्या दिवशी तुम्ही थांबला असतात, भाऊजी?"

"माहीत नाही, वहिनी. दादानं हाक मारली नसती तर, कदाचित. कदाचित नाहीही."

आकडा एकोणऐंशीवर आला.

"हाक मारायला ह्यांना मीच पाठवलं होतं," वहिनी म्हणाली. "हे म्हणत होते, त्याचं काम होऊ दे. मीच म्हटलं, जेवण निवतंय, आणा त्यांना खाली."

छत्रीवाल्यानं मान वर केली. वहिनी आकाशाकडे बघत होती, डिशचं तोंड होतं त्या दिशेला, जिथे काही म्हणता काही दिसत नव्हतं.

"अजून किती वेळ बसायचंय?" तिनं विचारलं.

"पावणेपाच."

"मी पण बसते," ती म्हणाली, आणि पाय पोटाशी घेऊन बसून राहिली.