सोनलच्या मावशीकडे अरबी शिकायला

नवापूरला मी गेले ती मत्सरापोटी. पुण्यात अरबीच्या वर्गात तीन वर्षं लेखी परीक्षेत माझा पहिला नंबर. माझी वर्गमैत्रीण सोनल व्याकरणात जेमतेम पास. पण यंदा विभागात ओमानहून पाहुणे आले आणि सोनल त्यांच्याशी अर्धा तास हसत गप्पा मारत राहिली. मी शेजारी उभी राहून मनात एक वाक्य जुळवत होते. ते जुळलं तेव्हा पाहुणे गाडीत बसले होते.

"एवढं कुठे शिकलीस?"

"मावशीकडे. मस्कतला एका घरी कामाला होती ती, बारा वर्षं. चल की सुट्टीत."

त्याच दिवशी मी तिकीट काढलं.

जाणाऱ्यांसाठी सांगते: पुण्याची स्लीपर बस सकाळी नंदुरबारला सोडते. तिथून सुरतेकडची पॅसेंजर पकडायची, तिकीट नाश्त्याहून स्वस्त. नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे आणि घोषणा चार भाषांत होतात. बाहेर रिक्षावाल्याने विचारलं, "कोठे जानं शे, ताई?" मी मनात उत्तर जुळवू लागले. सोनल त्याच्याशी अहिराणीत बोलली, वाटेत भेटलेल्या काकांशी इथल्या आदिवासी कोकणीत. मी टेकड्या बघत होते.

एस्तेरमावशीचं कौलारू घर गावाबाहेर आहे, मागे कोंबड्यांची शेड. मावशी पन्नाशीची, उंच. दारातच तिने 'कशी आहेस' म्हणून विचारलं, "कैफ हालिश?" मी पुस्तकातलं उत्तर दिलं, बोलताना कोणी उच्चारत नाही त्या शेवटच्या स्वरासकट. जेवायला नागलीची भाकरी, गावठी कोंबडीचा रस्सा आणि इथली तूरडाळ होती. ती वाढता वाढता मावशी अरबीत बाजाराला जाण्याबद्दल काहीतरी म्हणाली. मी लगेच सांगितलं, "मावशी, शुद्ध भाषेत 'मी जाते'ला 'अज़हबु' म्हणतात."

"असं का? बरं," ती मराठीत म्हणाली.

त्यानंतर दिवसभर ती माझ्याशी अरबी बोलली नाही. सोनलशी मात्र चुलीपाशी बसून भरभरून बोलत होती. माझ्या कानावर हसणं तेवढं येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंडी गोळा करताना सोनलने मला धरलं. "तू तिच्या चुका काढायला आलीस का? पहिलं वर्ष ती त्या घरात मुक्यासारखी राहिली. तिथल्या तीन वर्षांच्या मुलीने, सलमाने, तिला एकेक वस्तू दाखवून बोलायला शिकवलं. मावशीकडे ना पुस्तक होतं, ना वही."

मला लाज वाटली. पण खरं लिहायचं तर त्या क्षणीही मला हेवाच वाटत होता. मला कोणी सलमा भेटली नव्हती.

दुपारी अडचण झाली. घरातल्या न्हाणीघरात सोनल होती, मागचं मला सापडेना आणि मावशी एकटीच अंगणात होती. मी घाईत अरबीत विचारलं, "हमाम कुठे आहे?" मावशीने गंभीरपणे छपराकडे बोट दाखवलं. तिथे दोन कबुतरं बसली होती. 'म' दुप्पट म्हटला की न्हाणीघर, एकेरी म्हटला की कबुतर. हे मी पहिल्या सत्रातच पाठ केलं होतं. मावशी पदर तोंडाला लावून हसू लागली. मग मीही.

"परत म्हण. हम्-माम," ती म्हणाली. मी पाच वेळा म्हटलं.

तिथून पुढचे दोन दिवस तिने मला सोडलं नाही. शेण, सूप, पाटा, कोंबड्यांचं खाद्य, प्रत्येक गोष्टीला नाव. शेवटच्या संध्याकाळी मस्कतहून सलमाचा व्हिडिओ कॉल आला, आता ती कॉलेजात आहे. मावशीने फोन माझ्या हातात दिला. दहा मिनिटं मी अडखळत, चुकीची रूपं वापरत बोलले. सलमा मध्येच म्हणाली, "तू माझ्या एस्तेरसारखी बोलतेस." फोन परत देताना माझे डोळे भरले होते. मग त्या दोघींचं बोलणं सुरू झालं आणि मी पुन्हा बाहेरची झाले.

पुण्यात परतल्यावर तोंडी परीक्षा झाली. सोनल पहिली, मी चौथी. हेवा गेला असं मी म्हणणार नाही. मावशी रोज सोनलला अरबीत निरोप पाठवते, मला नाही, आणि ते टोचतं. काल कॅन्टीनमध्ये सोनलने असाच एक निरोप ऐकवला. दोन शब्द सोडून सगळा कळला. तीन वर्षांत मी सोनलला अरबीतलं कधी काही विचारलं नव्हतं. काल ते दोन शब्द विचारले.