‘थ’ झालेले काका

माझे धाकटे काका वैद्यकीय कॉलेजच्या ग्रंथालयात संदर्भ विभाग सांभाळतात. सांभाळतात म्हणजे दाराशी बसतात, आलेल्या विद्यार्थ्याचं ओळखपत्र ठेवून घेतात आणि त्याला हवा तो जाडजूड कोश काढून देतात. तिथलं एकही पुस्तक खोलीबाहेर जात नाही. एकदा खुद्द प्राचार्यांनी एक कोश नुसता शेजारच्या खोलीत न्यायला मागितला, तर काकांनी शेजारच्या खोलीतली खुर्ची उचलून इकडे आणली.

आनुवंशिकीचं कपाट त्यांच्या पाठीमागेच आहे, हात मागे टाकला की पोचतो. त्यातला सगळ्यात जाड संज्ञाकोश काका वाचतात. अडलेला शब्द पाहायला नव्हे. कादंबरी वाचावी तसा, पहिल्या पानापासून, ओळीनं. मधलंच पान उघडणाऱ्यांचा त्यांना राग. विद्यार्थी तर तेवढंच करायला येतात, त्यामुळे समस्त विद्यार्थिवर्गावर त्यांचा थोडाथोडा राग असतोच.

ह्या वाचनाची झळ लागायची ती घरच्यांना. काका ‘अ’मध्ये होते तेव्हा माझ्या वडिलांचं टक्कल प्रभावी की अप्रभावी यावर कित्येक जेवणं गार झाली. पुढे ‘उ’ आला आणि उत्परिवर्तनं सुरू झाली. शेजारच्या मांजरीचा एक डोळा निळा आणि एक हिरवा आहे असं कळल्यावर काका वाटीभर दूध घेऊन तिला भेटून आले. मी मात्र एकदा रंगांधळेपणाबद्दल विचारलं, तर म्हणाले, “‘र’ यायचाय अजून. सवडीनं ये.”

काकू तयार कपड्यांच्या कारखान्यात कापड बेतते. तिची जीभ तिच्या कात्रीपेक्षा बरी चालते. ती म्हणायची, डॉक्टर ह्यांच्यासारखे शिकले असते तर ‘ज’पर्यंतचेच पेशंट वाचले असते, बाकीच्यांनी आपापलं बघायचं. काकांना त्याचं काही नाही. कोशात नोंदीच्या शेवटी बारीक अक्षरांत ‘पहा’ असं लिहून दुसरा एखादा शब्द दिलेला असतो. तो शब्द काका वाचत, पण तिकडे जात नसत. कुणी बोलावलं की लगेच धावायचं का? येईल की तो त्याच्या नंबरावर.

तर अशा काकांची एकुलती एक मुलगी, म्हणजे आमची ताई, चष्म्याच्या दुकानात काचा बसवते. तिचं लग्न लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका मुलाशी ठरलं होतं. नोंदणीची तारीखही मिळाली होती. मुलगा हळू बोलणारा. अडकलेल्या माणसांशी बंद दाराबाहेरून बोलून बोलून त्याचा आवाजच तसा झालाय, असं ताई म्हणते. त्याच सुमारास ताई रक्तदानाला गेली आणि हिमोग्लोबिन कमी म्हणून परत आली. लोहाच्या गोळ्या घेऊनही ते ढिम्म हललं नाही. शेवटी डॉक्टरीणबाईंनी आणखी एक तपासणी करून घेतली.

संध्याकाळी चहा पिता पिता ताईनं घरात सांगितलं की ती थॅलेसेमियाची वाहक निघाली आहे, तिला स्वतःला काही होणार नाही, फक्त लग्नाआधी त्याचंही रक्त तपासून घ्या असं बाई म्हणाल्यात. काकांनी पहिला शब्द ऐकला आणि त्यांचे कान तिथेच मिटले. कारण ‘थ’ त्यांचा नुकताच झाला होता. तान्हेपणापासून गंभीर रक्तक्षय, वारंवार रक्त चढवावं लागतं, वगैरे सगळं त्यांना तोंडपाठ. त्यांनी कप खाली ठेवला, ताईच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आत जाऊन पडले. आज बाबा फारच लाडात आलेत, असं ताईला वाटलं.

दुसऱ्या दिवशी काकांनी नोकरीत बहुधा पहिल्यांदाच दांडी मारली आणि होणाऱ्या जावयाला गाठलं. तो एका उंच इमारतीत, पार वरच्या मशिनच्या खोलीत होता. लिफ्ट अर्थातच दुरुस्तीला काढलेली. काका जिने चढून गेले. धाप लागलेल्या अवस्थेत त्यांनी त्याला सांगून टाकलं की मुलगी फार आजारी आहे, वारंवार रक्त चढवावं लागणार, ती स्वतः बोलणार नाही, तेव्हा तू मोकळा आहेस, आमच्या घरातून तुला कुणी बोल लावणार नाही. त्यानं त्यांना तेलाच्या रिकाम्या डब्यावर बसवलं आणि पाणी दिलं.

संध्याकाळी तो हत्यारांची पिशवी खांद्यावर घेऊनच घरी आला. मी तिथेच होते. तो ताईच्या समोर बसला.

“मला कधी सांगणार होतीस?”

“काय?”

“आजारी आहेस ते.”

ताईनं काकूकडे पाहिलं, काकूनं काकांकडे, आणि काकांनी पंख्याकडे.

“अहो,” काकू म्हणाली, “तुम्ही गेला होतात ह्याच्याकडे?”

बाप म्हणून ते माझं कर्तव्य होतं, आणि ह्या विषयात मला कुणी शिकवायला नको, ‘थ’ माझा झालाय, असं काकांचं म्हणणं पडलं. ताई आरडाओरडा करेल म्हणून मी सावरून बसले होते. तिनं तो केला नाही. तिचे डोळे भरले आणि ती एवढंच म्हणाली, “माझं लग्न मोडून आलात, बाबा.”

तेव्हा तो मुलगा घाईघाईनं म्हणाला की मोडायला कुठे आलोय, रक्त चढवायच्या दिवशी बरोबर कोण जाणार ते ठरवायला आलोय. साहेबांकडे पाळी बदलून मागितली आहे.

काकू उठून आत गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

सकाळी ताईनं काकांना त्यांच्याच संदर्भ विभागात नेलं. मीही मागोमाग. काका टेबलामागे जाऊन बसले आणि सवयीनं हात पुढे केला. “ओळखपत्र.” पोटच्या पोरीकडे मागितलं, आणि तिनं मुकाट्यानं दिलंही.

“‘व’ काढा,” ती म्हणाली.

“मी ‘द’वर आहे.”

“बाबा, माझं लग्न ‘व’वर अडलंय.”

काकांनी कोश काढला. कुणाच्या तरी घरात न विचारता शिरावं तशी त्यांनी ती मधली सगळी पानं ओलांडली. मग मोठ्यानं वाचायला लागले. “‘वाहक. जनुकाच्या जोडीपैकी एकच प्रत सदोष असलेली व स्वतः बहुधा निरोगी असलेली व्यक्ती.’ निरोगी! अगं, इथे निरोगी लिहिलंय!”

पलीकडच्या टेबलावरच्या विद्यार्थिनीनं “शूऽऽ” केलं. काकांना त्या खोलीत कुणी गप्प करण्याची ही पहिलीच वेळ असावी. आवाज उतरवून त्यांनी पुढचं वाक्य वाचलं. आईवडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला तो गंभीर आजार होण्याची शक्यता चारांत एक. त्यांचं बोट त्या ओळीवरच राहिलं.

“म्हणजे आता त्याचं रक्त…”

“तेच सांगत होते मी. चहा पिताना.”

त्यानं रक्त दिलं आणि वाट पाहणं सुरू झालं. ताईनं आधीच सांगून ठेवलं होतं की काहीही निघालं तरी तारीख बदलायची नाही. तोही वाहक असला, तर मुलांचं काय ते डॉक्टरीणबाईंना आधी विचारू. म्हणाली खरं, पण त्या दिवसांत दुकानात तिनं एका आजोबांच्या चष्म्यात डावी काच उजवीकडे बसवली. काका रोज जावयाला फोन करून भूक लागते का विचारत. तो बिचारा रोज लागते म्हणून सांगे.

अहवाल आला. तो वाहक नव्हता. काकांनी लॅबमधल्या बाईंना ते पुन्हा एकदा वाचायला लावलं आणि मगच बाकावर बसले. ताई त्याचा हात धरून तिथेच रडली, तर तो तिला त्याच हळू आवाजात सांगत होता की झालं, उघडलं दार, ये बाहेर.

हे सगळं पार पडल्यावर काकूनं विषय काढला. ही सदोष प्रत पोरीला कुणाकडून तरी आलीच असेल ना? काका तात्काळ म्हणाले, उघड आहे, तुझा भाऊ बघ किती पांढराफटक. काकू म्हणाली, चला तर मग, दोघंही तपासून घेऊ. काकूचा अहवाल स्वच्छ निघाला.

काका वाहक होते.

त्या दिवशी काकू एक अक्षर बोलली नाही. उलट काकांना दुसऱ्यांदा चहा हवा का विचारलं. हे त्यांना फार लागलं. थोड्या वेळानं त्यांनी माझ्या वडिलांना फोन लावला. “दादा, तुझंही रक्त तपासायला हवं. आणि पोरीलाही घेऊन ये.”

म्हणून आम्ही तिघं लॅबमध्ये. वडिलांच्या दंडाला रबरी पट्टी बांधली जात होती आणि खिडकीशी उभे राहून काका लॅबवाल्या बाईंना जनुकांच्या जोडीतल्या दोन प्रती समजावून देत होते, वाहक म्हणजे काय, निरोगी म्हणजे काय. बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

“अगदी बरोबर आहे, काका,” त्या म्हणाल्या. “पण जरा बाजूला व्हा. तुमच्या सावलीत ह्यांची शीर दिसत नाहीये.”