अण्णांनी माथी घेतलेली माझी चूक

अण्णांची आणि माझी पहिली भेट त्यांच्या नगरच्या कारखान्यात झाली. पाण्याच्या पंपांचे भाग तयार करणारा, बारा कामगारांचा छोटासा कारखाना. डिप्लोमा घेऊन मी सुपरवायझरच्या नोकरीसाठी गेलो होतो. अण्णांनी प्रमाणपत्र बाजूला ठेवून विचारले, "कामगाराचं ऐकून घेता येईल ना तुम्हाला?" मी घाईने हो म्हणालो.

दर शनिवारी अण्णा कामगारांत बसत. कुणाचे काम कुठे अडते, काय बदलावे, हे विचारत. सूचना उपयोगी ठरली की सुचवणाऱ्याचे नाव त्या मशीनवर रंगाने लिहून घेत. माझी पत्नी आजारी पडली, तेव्हा अण्णांनी आणि वहिनींनी तिला महिनाभर स्वतःच्या घरी ठेवून घेतले. अशा माणसाच्या कारखान्यात मी जे केले, ते आज सांगायलाच हवे.

तिसगावचे भानुदास ड्रिल मशीनवर होते. पंपाच्या झाकणाला चार भोके पाडताना एखादे सरकायचे आणि झाकण वाया जायचे. भानुदासांनी भंगारातल्या पट्टीचा साचा केला. तो झाकणावर बसवला की भोक चुकेचना.

"साहेब, अण्णास्नी तुमीच सांगा," ते मला म्हणाले. "मला लई बोलाया येत न्हाई."

मी सांगितले, पण कागदावर आकृती काढून, माझीच कल्पना म्हणून. ड्रिल मशीनवर माझे नाव लागले. भानुदास त्याच मशीनवर काम करत राहिले. बोलले काहीच नाहीत. हळूहळू शनिवारी बाकीचेही गप्प बसू लागले. दोन महिन्यांनी भानुदास काम सोडून गेले.

तेव्हा कुठे मी अण्णांपाशी कबुली दिली.  ते एवढेच म्हणाले, "उद्या तिसगावला जायचं."

भानुदास दुष्काळी कामावर खडी फोडताना भेटले. अण्णांनी सगळ्यांदेखत हात जोडले. "चूक माझी. साचा कोणी केला, हे मी विचारायला हवं होतं." मी शेजारीच उभा होतो. माझी चूक मी त्यांना घेऊ दिली.

"हात नका जोडू, अण्णा," भानुदास म्हणाले. "तुमच्यावर राग न्हाई. पर आता तिथं काई नवं करावं, असं मनच हुत न्हाई."

ते परतले नाहीत. मशीनवर चुकीचे नाव आपणच लावले, असे सांगून कारखान्यातही अण्णांनी दोष स्वतःवर घेतला. माझे नाव कधी काढले नाही. म्हणून कामगार अजून त्यांनाच अन्यायी समजतात. अण्णांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात मी सर्वांसमोर सांगतो, तो अन्याय माझा होता.

अण्णांना निरोगी दीर्घायुष्य लाभो. माझ्यामुळे गमावलेला माणसांचा विश्वास परत मिळेपर्यंत तरी लाभोच, आणि तो उपभोगायला पुढेही पुष्कळ वर्षे मिळोत.