सुकटवालीचा फोन

शहाडच्या बाजारात एक सुकटवाली बसते. नाव मी कधी विचारलं नाही. फोन ओठांशी धरून ती बोलते आणि गिऱ्हाइकांना निरोप लिहिला जातो. "बोंबील आले स्वल्पविराम जवळा उद्या पूर्णविराम." प्रत्येक विरामाला हवेत बोट दाबते. झकास!

मला धड लिहिता येत नाही. लेकीशी सगळं बायकोच बोलायची, ती गेली. म्हणून लेकीला निरोप धाडायला तिथंच मीही माझ्या फोनशी बोलायला लागलो, पण 'तुझी आई' म्हटलं आणि डोळे पुसत बसलो. फोन थांबला.

सुकटवाली खेकसली, "काका, गप्प बसलात की त्याला वाटतं संपलं. रडा, पण बोलत रडा!"

मग ओरडूनच सांगितलं, "तुझ्या आईचा कप रोज धुऊन ठेवतो पूर्णविराम एकट्याला करमत नाही पूर्णविराम तू ये उद्गारचिन्ह!"

अख्खा बाजार वळून बघत होता. बघू दे. माझा निरोप गेला!