कोणती जिनिंग?

मैना भिलावेकर मेळघाटातून पहिल्यांदा खाली उतरली, ती मुकादमाच्या टेम्पोत बसून. दिवाळी झाली की धारणीकडच्या तिच्या गावातली अर्धी घरं कामासाठी रिकामी होतात. मुकादमाने वाटेत एकेका कारखान्यावर माणसं उतरवली. अकोल्याजवळच्या एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, फाटकात मैना, तिचा नवरा सुकलाल आणि चार वर्षांची चंदा एवढेच उतरले. फाटक मागे लागलं.

आत कापसाचे ढीग, सरकीचा वास आणि यंत्रांची घरघर. भिंतीलगतच्या पत्र्याच्या खोलीत त्यांनी बोचकं टाकलं आणि सकाळी कामाला लागले. हे गाव कोणतं, दवाखाना कुठे, बाजार कुठल्या अंगाला, हे कुणी सांगितलं नाही. मैनाला कोरकू येत होती आणि बाजारापुरती हिंदी. मराठी माणसं भराभर बोलत, ती मान हलवी, आणि तिला कळलं असं समजून माणसं पुढे जात.

कापसाच्या धुळीने चंदा खोकू लागली. मग ताप आला. त्या दिवशी सुकलाल ट्रकबरोबर बाळापूरकडच्या खेड्यांत कापूस भरायला गेला होता. दुपारी पोरीची छाती भात्यासारखी वर-खाली व्हायला लागली, तेव्हा फाटकावरच्या जानरावने तिला पाहिलं. म्हातारा काही न विचारता रस्त्यावर गेला आणि ऑटो थांबवून आला.

"चाल बाई, पोरगी हातची जाईन."

त्याने मायलेकींना सरकारी दवाखान्यात भरती केलं. "मी सांजच्याले येतो. इथंच राय," म्हणाला. पण फाटक सोडून गेला म्हणून जिनिंगवरच्या मुकादमाने तो परतताच त्याला कामावरून काढलं. कुठे गेला होता, कुणाला घेऊन, हे विचारायचीही तसदी घेतली नाही. अपमान होऊन जानराव मूर्तिजापूरला लेकीकडे निघून गेला. मैना कुठे आहे हे जाणणारा जिनिंगमधला एकुलता एक माणूस असा गेला.

सुकलाल परतला तर खोली रिकामी.

"गेली असंन गावाले," मुकादम म्हणाला. "तुमचं असंच रायते."

सुकलालने अकोटवरून धारणीची बस धरली.

इकडे वॉर्डात चंदा तापात "डा, डा" करत होती. शेजारच्या खाटेवरच्या बाईला वाटलं, पोर डॉक्टरला बोलावते. चंदा कोरकूत पाणी मागत होती. मैना उठून पाणी पाजी आणि पुन्हा दाराकडे बघत बसे. जानराव आला नाही, सुकलाल आला नाही. डॉक्टरांनी पोर वाचवली. मग एका सकाळी सांगितलं, घरी ने, धुळीत नेऊ नको.

दवाखान्याच्या फाटकाबाहेर येऊन मैना उभी राहिली. येताना तिचे डोळे पोरीच्या छातीवर होते, रस्ता तिने पाहिलाच नव्हता. सुकलालचा मोबाइल नंबर तिला येत नव्हता. ऑटोवाल्याला ती म्हणाली, "जिनिंग."

"कोनती जिनिंग?"

त्याने ओळीने नावं घेतली. तिला सगळी सारखीच ऐकू आली.

मग ती चंदाला पाठीशी बांधून मोठ्या रस्त्याने निघाली. प्रत्येक कारखान्याला निळं नाही तर हिरवं फाटक, प्रत्येक फाटकात कडुनिंब. ती "जानराव" म्हणे. एकजण हसला, "जानराव तर गल्लोगल्ली हायेत, बाई." दुसऱ्याने काठी आपटून हाकललं. रात्र पेट्रोल पंपाच्या आडोशाला गेली. पहाटे चंदाचं अंग पुन्हा तापलं. त्या वेळी मैनाच्या मनात आलं, हिला दवाखान्याच्या पायरीवर ठेवावं आणि आपण निघून जावं. हिला तरी कुणी खायला घालील. तिने पोरीला तिथेच पंपाशी खाली ठेवलंही. मग पुन्हा उचलून चालायला लागली. दवाखाना आता कुठल्या बाजूला राहिला हेही तिला कळत नव्हतं.

एमआयडीसीतल्या एका दालमिलच्या फाटकाशी तिचे पाय थांबले. सासऱ्यांनंतर ही मिल संध्याताई बघत. त्या स्कूटीवरून आल्या, भिकारीण समजून पुढे गेल्या, पण पोरीचा श्वास ऐकून माघारी वळल्या.

"कुठून आली?"

"जिनिंग."

"कोनती?"

इतके दिवस न रडलेली मैना तिथे रडली. चंदाने पुन्हा "डा" म्हटलं. आत चाळणीवर तूर टाकणारी जमुना ते ऐकून धावत बाहेर आली. तीही कोरकूच. तिने आपल्या भाषेत दोन शब्द विचारले आणि मैनाने तिचा हात जो धरला, तो मिलच्या गाडीत बसेपर्यंत सोडला नाही. संध्याताई मायलेकींना घेऊन दवाखान्यात गेल्या. चंदाला परत ऑक्सिजन लागला.

वॉर्डाबाहेर उभं राहून संध्याताईंनी एकेक जिनिंगला फोन लावले. अखेर एका ठिकाणी उत्तर आलं, "तो तर बायकोले शोधाले गेला." तिथून सुकलालचा नंबर मिळाला, पण डोंगरात त्याचा फोन लागेना. तिकडेच राहणाऱ्या जमुनाच्या भावाने त्याच्या गावी चालत जाऊन पाहिलं. सुकलाल सासुरवाडीला, मग धारणीच्या पोलीस ठाण्यात जाऊन परत खाली निघाला होता. अकोटच्या बस स्टँडवर त्याचा फोन लागला. त्याचा विश्वास बसेना. चंदाचा आवाज ऐकल्यावर त्याने अकोल्याची पहिली बस धरली.

तो आला तेव्हा त्याचे गाल आत गेले होते. "आता घरी चल," एवढंच म्हणाला. घरी काम नव्हतं हे दोघांनाही माहीत होतं. संध्याताईंनी त्यांना मिलमध्ये ठेवून घेतलं, मैनाला धुळीपासून लांब, पॅकिंगला.

त्या दिवशी त्यांनी जमुनाला विचारलं, "तू आली तवा तुले आमी काय काय दाखवलं होतं?"

"मशीन दाखवली, ताई."



तेव्हापासून त्या मिलमध्ये नवीन कुटुंब आलं की पहिल्या दिवशी कामाला लावत नाहीत. त्या दिवसाचा रोज मात्र मिळतो. जमुना कोरकूत बोलते, मैना त्यांना दवाखाना, अंगणवाडी, रेशनचं दुकान आणि बस थांबा पायी फिरवून दाखवते, आणि मिलचं नाव पाठ होईपर्यंत म्हणवून घेते. शेजारचे मिलवाले हसतात. गेल्या वर्षी एक कुटुंब तरीही न सांगता निघून गेलं. मैना दोन दिवस जेवली नाही.

चंदाची छाती थंडीत अजून वाजते. यंदा होळीला मैना गावी गेली, तेव्हा आईने विचारलं, पुन्हा खाली कशाला जातेस? मैना म्हणाली, चंदाची अंगणवाडी आहे, दवाखान्याची वाट मला ठाऊक आहे.