टेंडरचे पैसे

माझं अक्षर किरटं आहे आणि शुद्धलेखन चौथीत सुटलं ते सुटलंच. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, ओळी वर-खाली होतील, त्याची माफी मागते. बाकी कशाची मागणार नाही. हे लिहिताना अजून माझं डोकं तापतं, आणि तोंडाने भांडायची मला कधी सवय नव्हती.

माझी आत्ती, वडिलांची बहीण, कागलला एकटी राहायची. गुडघे गेल्यावर तिने दोन्ही म्हशी विकल्या, तेव्हा तिच्या हातात एकदम पैसे आले. त्याच सुमारास माझा धाकटा दीर आणि त्याच्यासारखे चार ठेकेदार बायकामुलांना घेऊन मुंबईहून मोठ्या बोटीने फिरायला निघणार होते. मधला एक दिवस बोट एका बेटाशी थांबणार होती. आत्तीने जन्मात समुद्र पाहिला नव्हता. ती म्हणाली, "मी येतो. माज्या पोरीचं पैसंबी मीच भरतो, मला धराय कोनतरी पायजे." पोरगी म्हणजे मी. तेव्हा माझे केस पिकायला लागले होते.

बेटाचा दिवस कसा काढायचा ते आम्ही दोघींनी बसून ठरवलं. आधी गर्दी उतरू द्यायची, मग आपण. वाळूत लांब चालायचं नाही. पाण्याजवळ सावली बघून खुर्ची मागायची. बरोबर दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गुडघ्याचा पट्टा. सगळ्यात आधी संडास कुठे आहे ते विचारायचं, कारण आत्ती प्रवासात पाणीच प्यायची नाही. लग्नाला न्या, देवाला न्या, दिवसभर घसा कोरडा ठेवायची आणि घरी आली की डोकं धरून बसायची. मी म्हटलं, "या दिवशी तू पोटभर पाणी प्यायचंस. बाकीचं मी बघते." तासभर पाय पाण्यात सोडून बसायचं आणि परत यायचं, एवढाच आमचा बेत.

बुकिंगवाल्याने दिलेला कागद मी अक्षर लावत वाचला. त्यात होतं, 'बेटावर टेंडरने नेण्यात येईल.' शब्द आमच्या ओळखीचा होता. गटारीचं टेंडर, रस्त्याचं टेंडर. दीर आयुष्यभर तेच भरत आला. आम्हाला वाटलं, उतरवायचा ठेका कुणाला तरी दिला असणार.

दिराला विचारलं तर तो मांडी ठोकून म्हणाला, "बराबर हाय. टेंडरचं पैसं येगळं. आत्ती, चार हजार द्या, मी भरून टाकतो. गाडी थेट बोटीच्या दारात. तुमचा पाय जमिनीला लागायचा न्हाई."

"आरं, पाय लावायलाच तर चाललोय की मी!" आत्ती म्हणाली. पण पैसे दिले.

मी भीत भीत म्हटलं, "भावजी, एकदा बोटवाल्यांना विचारून घ्या. आत्तीचं गुडघं असं हायत म्हणून सांगा."

"वैनी, टेंडर काय असतंय ते आता चौथी पास शिकवणार व्हय मला? तुमी दशम्या बांधा."

सगळे हसले. जाऊही हसली. मी चहाचे कप उचलून आत गेले आणि ते इतक्या जोरात आपटले की एकाचा कान तुटला.

बेटाच्या दिवशी सकाळी आत्ती दोन ग्लास पाणी प्याली. माझ्या शब्दावर.

बोट बेटाला लागलीच नाही. लांब, खोल पाण्यात उभी राहिली. खालच्या मजल्यावर बोटीच्या अंगाला एक दार उघडलं होतं, त्यातून लोखंडी पायऱ्या खाली उतरत होत्या, आणि त्यांच्याखाली एक छोटी होडी पुरुषभर वर यायची, पुरुषभर खाली जायची. दारातला खलाशी ओरडत होता, "टेंडर! टेंडर!"

आत्तीने वाकून बघितलं. "हे व्हय टेंडर?"

खलाशाला मी मोडक्या हिंदीत विचारलं. तो म्हणाला, याचे पैसे कोणी घेत नाही. म्हाताऱ्या माणसांना खुर्चीला बांधून उतरवतात, पण आदल्या संध्याकाळी सांगावं लागतं. "कल बोलना था, माताजी."

दीर तोवर होडीत बसला होता. खालून हात हलवत ओरडला, "आत्ती, वरनंच बघा की! तितनं लई झ्याक दिसतंय!" आणि होडी गेली.

दिवसभर आम्ही कठड्याशी बसलो. दशम्या उघडल्या नाहीत.

संध्याकाळी दीर आला, चड्डी ओली, हातात पाण्याची बाटली. "घ्या आत्ती, समुद्र आणलाय तुमाला."

आत्तीने बाटली हातात घेतली, बघितली आणि त्याच्याच पायांवर ओतली. "म्हसरं इकून बाटली बघाय आलतो व्हय रं मी? माजं टेंडरचं पैसं टाक."

"ते… वर दिलं की मी."

"कुनाला?"

चड्डी बदलून येतो म्हणून तो गेला तो गेलाच.

शब्द आम्ही तिघांनी चुकीचा धरला, त्याबद्दल मी त्याला काही म्हणत नाही. पण जे टेंडर नव्हतंच, त्याचे पैसे याने भरले कुठे? घरी आल्यावर नवऱ्याकडे बोलले, तर तो म्हणाला, "घरातलं हाय, सोड." घरातलं आहे म्हणून आत्तीच्या म्हशींचं दूध काय फुकट निघत होतं? मी दोन वर्षं दिराला जेवायला वाढलं आणि दर घासाला मनात शिव्या दिल्या.

मग त्याच्या नव्या घराची वास्तुशांत आली. पंगत बसली होती. आत्ती गुडघ्यांमुळे खुर्चीवर, मी तिच्या शेजारी. दीर मोठ्या हौसेने स्वतः वाढत होता. "वैनी, जिलबी?"

माझे कान गरम झाले. मी म्हटलं, "जिलबी नको. आत्तीचं टेंडरचं पैसं द्या."

आवाज चिरका निघाला, पण अख्ख्या पंगतीला गेला. समोरचा एक ठेकेदार घास हातात धरून म्हणाला, "कसलं टेंडर, पावणं? आमाला कळलं न्हाई त्ये?"

आत्तीला तेवढंच पाहिजे होतं. तिने होडीपासून बाटलीपर्यंत सगळं सांगितलं, मांडवाबाहेर ऐकू जाईल अशा आवाजात. लोक ठसका लागेपर्यंत हसले. जाऊ हसली नाही. त्या दिवसापासून दिराला बाजारात 'होडीवाले' म्हणायला लागले.

आठवड्याच्या आत तो कागलला आला. मी तिथेच होते. चहाही न घेता त्याने नोटा आत्तीपुढे टाकल्या. आत्तीने हात लावला नाही.

"चौथी पासला मोजू दे," ती म्हणाली.

तो उभा राहिला आणि मी सावकाश, थुंकी लावून मोजल्या. चार हजार, पूर्ण.